‘पुस्तकाची माहिती मिळवते’ एवढे वर्णन पुरेसे का नाही

प्रश्न : स. न. वि. वि. मी सॉफ्टवेअर विकसक आहे. एका ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीला एआय एजंट जोडण्याचे काम गेले ४ महिने करत आहे. सदस्याने साध्या भाषेत विचारावे आणि एजंटने पुस्तक शोधून द्यावे, राखून ठेवावे, मुदत वाढवून द्यावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी एजंटला १४ टूल्स, म्हणजे तो गरजेप्रमाणे बोलावू शकेल अशी एकेका कामाची फंक्शन्स, दिली आहेत. प्रत्येक टूलचा कोड तपासलेला आहे आणि तो बरोबर चालतो. तरीही ‘हे पुस्तक उपलब्ध आहे का’ असे विचारले की एजंट कधी शोध घेतो, तर कधी सदस्याचे खाते उघडतो. राखीव नोंद करताना भलताच क्रमांक पाठवतो. मुदतवाढीच्या तारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. परवा चाचणीत एकाने ‘माझी राखीव नोंद रद्द होऊ शकते का’ एवढेच विचारले आणि एजंटने ती रद्द करून टाकली. एजंटला कायम दिल्या जाणाऱ्या मुख्य सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) मी ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘कधीही करू नये’ असे शब्द घातले. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. वरिष्ठ म्हणतात, एजंटमागचे एआय मॉडेल बदला. बदलावे का? शिवाय टूल्सची वर्णने मराठीत लिहावीत की इंग्रजीत, हेही सांगावे. सर्व वर्णने सोबत जोडली आहेत.
एक विकसक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण जोडलेली चौदाही वर्णने मी दोनदा वाचली. मॉडेल बदलू नका, निदान आत्ता तरी नको. आपण सांगितलेल्या चारही तक्रारींचे मूळ मला या वर्णनांतच सापडले, आणि मॉडेल बदलले तरी नव्या मॉडेलच्या हाती हीच वर्णने पडणार आहेत.

एजंट टूल वापरतो तेव्हा काय घडते, ते आधी नीट पाहू. सदस्याचा प्रश्न मॉडेलकडे जातो, त्याच्यासोबत प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याच्या पॅरामीटरांचा स्कीमा, म्हणजे त्यात कोणती मूल्ये कोणत्या प्रकारात भरायची याचा आराखडा, हेही मजकूर म्हणूनच जातात. तो मजकूर वाचून मॉडेल ठरवते की कोणते टूल हवे आणि त्यात कोणती मूल्ये भरायची. प्रत्यक्ष काम आपला प्रोग्राम करतो आणि निकाल मॉडेलला परत देतो. आपण फंक्शनच्या आत काय लिहिले आहे, डेटाबेसमध्ये कोणती कोष्टके आहेत, ग्रंथपालांशी बोलून आपण कोणते नियम ठरवले, यांतले काहीही मॉडेलपर्यंत पोहोचत नाही. जून २०२३ मध्ये ओपनएआय या एआय कंपनीने आपल्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्राममधून मॉडेल वापरण्याच्या जोडणीत, फंक्शन कॉलिंगची (मॉडेलकडून टूल बोलावण्याची) सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या दुसऱ्या कंपनीने टूल्स जोडण्याचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, आणि टूल जोडण्याच्या पद्धतीला बरीच शिस्त आली. पण या दोन्ही पद्धतींत वर्णनाची जागा म्हणजे साधे मजकुराचे एक फील्ड आहे. स्कीमा चुकला तर प्रोग्राम तिथल्या तिथे अडतो आणि आपल्याला चूक कळते. वर्णन अपुरे राहिले तर काहीच अडत नाही, सर्व चाचण्या हिरव्या दिसतात आणि चूक सदस्यासमोर उघडी पडते. आपल्या बाबतीत हेच झाले आहे.

माणसाला अपुरी सूचना दिली तर तो उठून आपल्या टेबलाशी येतो आणि ‘कुठली माहिती?’ असे विचारतो. मॉडेल बहुतेक वेळा ती रिकामी जागा अंदाजाने भरते आणि पुढे जाते. शिवाय कालच्या संभाषणातली चूक त्याला आज आठवत नाही. आपण मुद्दाम काही साठवून दिले नसेल, तर प्रत्येक नव्या संभाषणात ते पुन्हा त्याच तोकड्या वर्णनांपासून सुरुवात करते.

आता पहिली तक्रार घेऊ. उपलब्धतेच्या प्रश्नाशी आपल्या तीन टूल्सचा संबंध येतो आणि त्यांची वर्णने अशी आहेत : ‘सर्च’ म्हणजे ‘पुस्तके शोधते’, ‘गेट बुक’ म्हणजे ‘पुस्तकाची माहिती मिळवते’, आणि ‘मेंबर अकाउंट’ म्हणजे ‘सदस्य व पुस्तकांची माहिती देते’. कोड न पाहता ही तीन वाक्ये पुन्हा वाचून पाहा. पुस्तकाच्या माहितीचा दावा दोन टूल्स करत आहेत, आणि शोधातही माहिती मिळतेच. पुस्तक शेल्फवर आहे की बाहेर, हे नेमके कोण सांगते याचा उल्लेख तिन्हींत कुठेही नाही. अशा स्थितीत एजंटने सदस्याचे खाते उघडले, तर त्याला दोष देणे मला जड जाते. मी ‘सर्च’ला ‘पुस्तक शोध’ आणि ‘मेंबर अकाउंट’ला ‘सदस्य खाते’ म्हणेन, ‘गेट बुक’चे नाव बदलून ‘प्रतींची स्थिती’ असे ठेवीन आणि त्याचे वर्णन साधारण असे लिहीन :

‘एका पुस्तकाच्या ग्रंथालयातील सर्व प्रतींची आत्ताची स्थिती देते. प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक, ती शेल्फवर आहे, बाहेर दिलेली आहे की राखीव आहे, आणि बाहेर असल्यास परतीची तारीख, एवढी माहिती मिळते. “हे पुस्तक उपलब्ध आहे का”, “कधी मिळेल” अशा प्रश्नांसाठी हे टूल वापरावे. आयएसबीएन माहीत असणे आवश्यक आहे; फक्त पुस्तकाचे किंवा लेखकाचे नाव माहीत असल्यास आधी “पुस्तक शोध” वापरून आयएसबीएन मिळवावा. प्रत कोणत्या सदस्याकडे आहे हे या टूलमधून कळत नाही. सदस्याने स्वतः नेलेल्या पुस्तकांसाठी “सदस्य खाते” वापरावे. रिकामी यादी आल्यास हे पुस्तक ग्रंथालयाच्या संग्रहात नाही असे समजावे. सर्व प्रती बाहेर असतील तेव्हा यादी रिकामी येत नाही.’

यातली शेवटची दोन वाक्ये मी फार महत्त्वाची मानते. रिकाम्या यादीचा अर्थ आपल्या मनात पक्का आहे, पण तो लिहिलेला नसेल तर एजंट सदस्याला ‘सध्या उपलब्ध नाही, थोड्या दिवसांनी पाहा’ असे सांगेल आणि सदस्य संग्रहात नसलेल्या पुस्तकाची वाट पाहत बसेल. तसेच ‘हे टूल काय करत नाही आणि तेव्हा कुठे जावे’ ही वाक्ये. दोन टूल्सची हद्द जिथे एकमेकांना लागते, तिथे दोन्ही बाजूंनी खूण हवी, म्हणजे ‘सदस्य खाते’च्या वर्णनातही उपलब्धतेच्या प्रश्नासाठी ‘प्रतींची स्थिती’ वापरावे असे लिहायला हवे. अँथ्रोपिकच्या विकसकांसाठीच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असा सल्ला आहे. मला तो योग्य वाटतो, मात्र वाक्यांची संख्या गाठण्यासाठी काहीही भरू नये. आपल्या एका वर्णनात ‘रेडिस कॅशमधून वाचते’ असे आहे. माहिती आत कुठे साठवली आहे, याचा निवड करताना मॉडेलला काही उपयोग नाही. वर्णने प्रत्येक विनंतीसोबत जातात, त्यांचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) मोजले जातात, म्हणून जे वाक्य काढल्याने एजंटचा निर्णय बदलणार नाही ते खुशाल काढावे.

दुसरी तक्रार भलत्या क्रमांकाची. इथे तर एजंटचे वागणे मला पूर्णपणे सुसंगत वाटले. आपल्या स्कीमामध्ये ‘आयडी’ या एकाच नावाचा पॅरामीटर तीन टूल्समध्ये आहे. ‘गेट बुक’मध्ये तो आयएसबीएन आहे, ‘रिझर्व्ह’मध्ये प्रतीचा दाखल क्रमांक आहे आणि ‘कॅन्सल’मध्ये राखीव नोंदीचा क्रमांक आहे. एजंटने पहिल्या टूलला जो ‘आयडी’ दिला, तोच पुढच्या टूलच्या ‘आयडी’त भरला. आयएसबीएन हा पुस्तकाच्या एका आवृत्तीचा क्रमांक असतो, त्या आवृत्तीच्या सर्व प्रतींवर तो सारखाच असतो. दाखल क्रमांक मात्र प्रत्येक प्रतीला वेगळा मिळतो. देवघेव काउंटरवर बसणाऱ्या कोणालाही हा फरक सांगावा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो लिहायचा राहून गेला. पॅरामीटरची नावे ‘आयएसबीएन’, ‘दाखल क्रमांक’, ‘राखीव नोंद क्रमांक’ अशी पूर्ण ठेवा आणि प्रत्येकासमोर तो कुठून मिळतो ते लिहा : ‘प्रतींची स्थिती या टूलच्या निकालातून घ्यावा; आयएसबीएन देऊ नये.’

इथेच आणखी एक खोच आहे. आपण आयएसबीएनचा प्रकार संख्या असा ठेवला आहे, तो मजकूर असा करा. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला, त्याआधी तो १० अंकी होता, आणि त्या जुन्या क्रमांकाच्या शेवटी अंकाऐवजी ‘एक्स’ हे अक्षर येऊ शकते. काही जुने क्रमांक शून्याने सुरू होतात, आणि संख्या म्हणून साठवले की ते शून्य गळून पडते. दोन्ही प्रकार चालतात का, मधली संयोगचिन्हे काढून द्यायची का, हे एका ओळीत सांगा आणि एक नमुना द्या. शिवाय १९७० च्या आसपास ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली, त्यामुळे त्याहून जुन्या छपाईच्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. तशी पुस्तके संग्रहात असतील तर ती कशी शोधायची हे ग्रंथपालांना विचारून टूलमध्येच सोय करावी लागेल. टूल जे करू शकत नाही ते वर्णनाने भरून निघत नाही, पण प्रामाणिक वर्णन लिहायला बसले की टूलमधली अशी भोके दिसू लागतात.

तारखेचे उत्तर थोडक्यात देते. ‘०३/०४’ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या मजकुरावरून कोणालाच सांगता येणार नाही. आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम मागा आणि ‘२०२५-०४-०३, म्हणजे ३ एप्रिल २०२५’ असा नमुना पॅरामीटरच्या वर्णनात द्या. सदस्य ‘पुढच्या सोमवारपर्यंत’ असे म्हणाला तर आजची तारीख माहीत असल्याशिवाय मॉडेलला हिशेब करता येत नाही, तेव्हा तीही सूचनेत पुरवा. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे : मुदतवाढीच्या टूलला नवी तारीख मुळात हवी कशाला? मुदत किती वाढते हे ग्रंथालयाच्या नियमाने ठरते आणि तो नियम आपल्या प्रणालीत आधीच आहे. मग तारीख प्रणालीला काढू द्या आणि तो पॅरामीटर काढून टाका. सदस्य क्रमांकाचेही तसेच आहे. लॉग-इन झालेला सदस्य कोण हे प्रोग्रामला ठाऊक असते, ते मॉडेलकडून भरून घेतले तर एखाद्या दिवशी एकाच्या नावावर दुसऱ्याचे पुस्तक चढेल.

याला एक जाहीर दाखला आहे. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या कामाविषयी लिहिताना सांगितले होते की प्रोग्रामिंगच्या एका कसोटीसाठी एजंट तयार करताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल्स सुधारण्यात त्यांचा जास्त वेळ गेला. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचा सापेक्ष मार्ग, म्हणजे आत्ताच्या फोल्डरपासून मोजलेला पत्ता, चुकवत असे. त्यांनी टूलच असे बदलले की नेहमी पूर्ण मार्ग द्यावा लागेल, आणि ती चूक थांबली. चूक करायला जागाच उरणार नाही अशी रचना करता आली, तर समजावून सांगण्याची गरज तेवढी कमी होते.

आता रद्द झालेल्या नोंदीकडे येते. चार तक्रारींत हे सर्वांत गंभीर आहे आणि आपण हे चाचणीतच पकडले याचे मला खरोखर समाधान वाटते. सदस्याच्या वाक्यात ‘राखीव नोंद’ आणि ‘रद्द’ हे शब्द होते. आपल्या चौदा टूल्सपैकी एकाच टूलच्या वर्णनात हे शब्द आहेत : ‘राखीव नोंद रद्द करते’. सदस्याला हवी होती नियमाची माहिती, आणि नियम सांगणारे टूल आपण दिलेलेच नाही. एजंटला जे सर्वांत जवळचे दिसले ते त्याने उचलले. वर्णनात परिणाम लिहा, आणि अट त्या परिणामाला जोडून लिहा : ‘राखीव नोंद कायमची रद्द करते. सदस्याचा प्रतीक्षायादीतील क्रम जातो आणि तो परत मिळवता येत नाही. सदस्याने कोणती नोंद रद्द करायची हे सांगून स्पष्ट होकार दिल्यानंतरच वापरावे. रद्द करता येईल का, असा केवळ प्रश्न असल्यास हे टूल वापरू नये. “राखीव नियम” वापरावे.’ आणि ‘राखीव नियम’ हे छोटे टूल तयार करा, अथवा ते नियम मुख्य सूचनेत घाला.

परंतु एवढ्यावर थांबू नका. वर्णन वाचून मॉडेल बहुतेक वेळा बरोबर वागेल, आणि न परतवता येणाऱ्या कामाला ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. रद्द करण्याआधी सदस्याच्या पडद्यावर पुष्टीचे बटण यावे आणि ते दाबल्याशिवाय कोडने पुढे जाऊ नये. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल फक्त वाचणारे आहे की काही नष्ट करणारे आहे, हे सांगणाऱ्या खुणा आहेत. त्या जरूर वापरा, पण त्या केवळ सूचक आहेत आणि भरवशाच्या नसलेल्या सर्व्हरकडून आल्या असतील तर त्यांवर विसंबू नये, असे त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. बाहेरून आणलेल्या टूल्सची वर्णनेही याच कारणासाठी जोडण्यापूर्वी वाचावीत, कारण वर्णनात लपवलेली सूचनासुद्धा मॉडेल वाचतेच.

हे मी एवढे आग्रहाने सांगते, त्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. पूर्वी एका कार्यालयासाठी मी पत्रव्यवहाराचे टूल तयार केले होते आणि त्याच्या वर्णनात ‘पत्रांचे मसुदे हाताळते’ असे लिहिले होते. ते टूल मसुदा साठवत असे आणि पाठवतही असे. एका सकाळी एजंटने अर्धवट लिहिलेली पत्रे लोकांना पाठवून दिली, आणि त्यांतल्या एका पत्रात नावाच्या जागी नुसत्या टिंबांची ओळ होती. त्या दिवशी प्रत्येकाला फोन करून माफी मागताना मला ‘हाताळते’ या क्रियापदाची किंमत कळली. तेव्हापासून ‘हाताळते’, ‘व्यवस्थापन करते’, ‘प्रक्रिया करते’ हे शब्द मी वर्णनात येऊ देत नाही. साठवते, पाठवते, पुसते, बदलते असे एकच ठोस क्रियापद लिहिता येत नसेल, तर ते टूल दोन टूल्समध्ये विभागावे. आपल्या यादीत ‘खाते व्यवस्थापन’ नावाचे टूल आहे, त्याच्याकडे या नजरेने पाहा. उलट, ‘लेखकानुसार शोध’, ‘विषयानुसार शोध’ आणि ‘वर्षानुसार शोध’ ही तीन वेगळी टूल्स कशासाठी, हे मला कळले नाही. ती ‘पुस्तक शोध’ मध्येच सामावून घेता येतील आणि निवडीचा गोंधळ तेवढा कमी होईल.

मुख्य सूचनेतले ठळक शब्द काढून टाका. पाच ठिकाणी ‘अत्यंत महत्त्वाचे’ लिहिले की त्यांतले कोणते खरोखर महत्त्वाचे, हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. नियम जिथे लागू होतो त्या टूलच्या वर्णनात, कारणासह, शांत शब्दांत लिहिला की तो जास्त पाळला जातो, असा माझा अनुभव आहे. दोन दिवस बरे गेले, तो बहुधा योगायोग असावा. मॉडेल एकाच प्रश्नाला दरवेळी तंतोतंत सारखे वागेल असे नाही, म्हणून एकदा बरोबर आलेले उत्तर पुरावा ठरत नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांकडून सदस्य विचारतात तसेच, त्यांच्याच शब्दांतले तीस-चाळीस प्रश्न लिहून घ्या, प्रत्येकासमोर अपेक्षित टूल लिहा, आणि प्रत्येक प्रश्न किमान पाच वेळा चालवा. एका वेळी एकच वर्णन बदला, नाहीतर कशामुळे सुधारले ते कळणार नाही. चुकलेल्या फेऱ्यांचा पूर्ण मजकूर वाचा. एजंटने कोणत्या शब्दाला धरून चूक केली, हे तिथे बहुधा स्पष्ट दिसते.

एररचा मजकूर हासुद्धा वर्णनाचाच भाग समजा, कारण तोही मॉडेलच वाचते. आपले टूल सध्या ‘एरर ४००’ एवढेच परत देते आणि एजंट तीच चुकीची विनंती पुन्हा पाठवतो. त्याऐवजी ‘दाखल क्रमांक अपेक्षित होता, आयएसबीएन मिळाला, प्रतींची स्थिती या टूलमधून दाखल क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करावा’ असे परत आले, तर पुढच्याच पायरीवर तो स्वतःला सुधारू शकतो.

हे सर्व करूनही ठरावीक प्रश्नांवर चुका राहिल्या, तर मॉडेल बदलण्याचा विचार जरूर करा. तेव्हा वरिष्ठांना दाखवायला आपल्या हातात त्या चाळीस प्रश्नांचे निकाल असतील.

राहिला भाषेचा प्रश्न. टूलचे नाव बहुतेक एपीआयमध्ये रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा किंवा संयोगचिन्ह अशा मोजक्या चिन्हांतच द्यावे लागते, तिथे निवड नाही; मी वर सुचवलेली ‘प्रतींची स्थिती’सारखी नावेही रोमन लिपीतच लिहा. वर्णन मात्र मराठीतही चालते. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात, पण चौदा वर्णनांसाठी तो फरक मी सोसेन, कारण आपली वर्णने ग्रंथपालांनी वाचून दुरुस्त करावीत असे मला वाटते, आणि ज्या भाषेत ते निःशंकपणे चूक दाखवू शकतील ती भाषा योग्य. भाषा कोणतीही निवडा, सदस्यांच्या तोंडचे शब्द वर्णनात आलेच पाहिजेत. मुदतवाढीसाठी कोणी ‘रिन्यू करा’ म्हणेल, कोणी ‘अजून आठवडाभर ठेवू का’ असे विचारेल. हे दोन्ही त्या टूलच्या वर्णनात लिहा. आणि ‘बुक करून ठेवा’ म्हणणारा सदस्य राखीव नोंद मागत असतो, तर आपल्या एका टूलच्या नावातला ‘बुक’ म्हणजे पुस्तक. हा वाक्प्रचार ‘रिझर्व्ह’च्या वर्णनात आजच घाला आणि त्या ‘गेट बुक’चे नाव बदला.